सावलीपासून दहा पावलं

१

ताईबाई लोंढे बेटावर बसल्या जागी मेल्या, आणि त्यांना तिथं कोणी नेलं हे काठावरच्या एकाही माणसाला सांगता येईना.

ही १९९७ च्या मे महिन्यातली गोष्ट. मला पळसदेवला दवाखाना टाकून चार वर्षं झाली होती. उजनीच्या काठावर राहून पाण्याला भिणारा डॉक्टर अशी माझी ख्याती होती, आणि ती खरी होती. म्हणून शनिवारी सकाळी रविराज जगताप धापा टाकत दारात आला आणि "डॉक्टर, बेटावर चला, म्हातारी बसलीय तिथं, हलत न्हाय," म्हणाला, तेव्हा मी आधी बॅग शोधली नाही, बहाणा शोधला. तो सापडला नाही आणि जावं लागलं.

रविराजची मोटरबोट होती. पुण्याहून पक्षी बघायला येणाऱ्यांना तो नांदऱ्याच्या बेटांकडे घेऊन जायचा. नांदरं हे गाव ऐंशी साली धरणात गेलं. गावाभोवतीच्या पाच टेकड्या तेवढ्या पाण्यावर राहिल्या. काठावरून त्या हाताच्या अंतरावर वाटतात, पण बोटीत बसलं की पाणी संपता संपत नाही. मध्येच वठलेल्या झाडांचे शेंडे दिसतात आणि त्यांवर पंख पसरून पाणकावळे बसलेले असतात. पहिल्या दोन बेटांवर बाभळीचं रान इतकं माजलंय की आत कोल्हे राहतात म्हणे. धरण भरलं तेव्हा अडकले आणि तिथंच त्यांचा वंश वाढला. तिसऱ्या बेटाच्या वाळूत नदीसुरय पक्षी उघड्यावर अंडी घालतात, आणि माणूस दिसला की थेट टाळक्यावर झेप घेतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळ्या बेटांभोवती काळा गाळ उघडा पडतो. त्यात पाय टाकला तर माणूस कमरेपर्यंत आत जातो.

शेवटचं बेट सगळ्यात लांब आणि सगळ्यात उजाड. नांदऱ्याचे जुने लोक त्याला मसणमाळ म्हणतात, कारण गाव होतं तेव्हा बौद्धवाड्यातली मढी तिथं पुरत. ताईबाई त्या माळाच्या माथ्यावर होत्या.

अंगावर पांढरं लुगडं होतं, पाय अनवाणी, हात मांडीवर. मान पुढे कललेली. मोकळ्या जागी, भर उन्हात बसल्या होत्या. दहा पावलांवर एक मोठी बाभूळ होती आणि तिची सावली चांगली दाट पडली होती. तिच्या खालच्या फांदीला एक पांढरा पंचा बांधलेला होता. ताईबाईंच्या शेजारी एक वेळूची काठी पडली होती. मी हात लावून पाहिलं. जीव जाऊन बहुधा एक दिवस होऊन गेला होता. उजवा घोटा सुजून टम्म झाला होता. लुगड्यावर कमरेपर्यंत वाळलेल्या गाळाचे डाग होते.

ताईबाई मला "डाक्टर बाळा" म्हणायच्या. रक्तदाब तपासायला येताना कधी रिकाम्या हातानं आल्या नाहीत. कधी शेवग्याच्या चार शेंगा, कधी नुसताच कडीपत्ता. मी तिथं उकिडवा बसलो आणि मला रडू आलं. रविराजच्या पाहुण्यांनी गळ्यातल्या दुर्बिणी काढून खाली ठेवल्या.

दुपारी फौजदार आले. त्यांनी बेटाला एक फेरी मारली आणि मला विचारलं, "डॉक्टर, मे महिन्यात सावली दहा पावलांवर असताना कोण उन्हात बसतं? बाई कुठंतरी दुसरीकडे गेली आणि कोणीतरी तिला इथं आणून बसवलं. नाहीतर जिवंत आणली आणि सोडून दिली. दोन्हीला होडी लागते."

त्यांच्या बोलण्यात मला खोट काढता येईना.

संध्याकाळी ताईबाईंचा मुलगा भानुदास बारामतीहून आला. तो तिथं एका कचेरीत हेडक्लार्क होता. पन्नाशीला टेकलेला, नीटनेटका, कमी बोलणारा माणूस. आईचं तोंड पाहून तो बराच वेळ भिंतीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "म्हस्कूला धरा. दर बुद्धपौर्णिमेला आईला बेटावर तोच नेतो. परवा गुरुवारी पौर्णिमा होती."

म्हस्कू भोई मासेमारी करायचा. फौजदारांनी त्याच्या होडीला साखळी घातली आणि त्याला सांगून गेले की, सोमवारी सकाळी इंदापूरला हजर हो आणि तोवर खरं काय ते आठवून ठेव. म्हस्कू "मी न्हाय नेली, सायेब, मी न्हाय नेली," एवढंच म्हणत राहिला.

२

रविवारी सकाळी दवाखाना उघडला तर दारात म्हस्कूची बायको साखरबाई बसलेली. रात्रभर झोपली नव्हती हे डोळ्यांवरून कळत होतं.

"डाक्टर, तुमी सांगा की फौजदाराला. आमचं घर पाण्यावर चालतंय. मालक आत गेलं तर आमी जायचं कुठं?"

"पण म्हस्कूनं नेलं नाही, तर मग नेलं कोणी?"

 ती पदरानं तोंड पुसत राहिली. कोपऱ्यातल्या बाकावरून बिरूतात्या म्हणाले, "तुमी घरी जा, बाई. बगतो आमी."

बिरूतात्या कोकरे तीस वर्षं सुप्याच्या रानात वनरक्षक होते. चिंकाऱ्याच्या खुराची खूण बघून तो लंगडत होता की नाही, हे सांगायचे. निवृत्त झाल्यावर पळसदेवला लेकीकडे येऊन राहिले, आणि गुडघे दाखवायच्या निमित्तानं रोज माझा चहा पिऊन जायचे. चालताना नजर सदा जमिनीवर. "तात्या, काही हरवलंय का?" असं मी चिडवायचो. "घावलं की सांगीन," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

"डाक्टर, काय दिसलं ते सांगा," ते म्हणाले. "तुमचं मत नको. दिसलं तेवडंच."

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं.

"गाळ कमरंपतुर? दोनी अंगाला?"

"सगळीकडून. होडीतून उतरताना लागला असेल."

"व्हडीतनं उतरताना घोटा भिजतो. लईच झालं तर गुडघा." ते उठले. "काठी कुठंय?"

काठी पोलीस पाटलाकडे ठेवली होती. आम्ही जाऊन पाहिली. सरळसोट वेळू, माझ्या खांद्याएवढा उंच. बिरूतात्यांनी ती उभी धरली, मग ताईबाईंएवढे वाकून धरली. वाळलेला गाळ काठीच्या निम्म्याच्याही वर गेला होता.

"टेकायची काठी कमरंएवडी असती," ते म्हणाले. "ही टेकायला घेतल्याली न्हाय. म्हातारीनं ही पाणी मापायला घेतलीया."

"होडीत बसून?"

"व्हडीत बसून कमरंपतुर गाळ कसा लागंल?"

 माणूस दोन मैल पाणी मापत मापत जात नाही, हे मला कळत होतं, आणि काठी तर समोर होती.

३

फौजदारांच्या हिशेबानं होड्या तीन. एक रविराजची, एक म्हस्कूची, आणि तिसरा दत्तोबा निंबाळकरांचा लोखंडी तराफा, ज्यावर त्यांची पाण्याची मोटर बसवलेली होती. बाकीचे कोळी लग्नसराईला भिगवणकडे गेले होते.

रविराजचं प्रकरण लवकर मिटलं. गुरुवारी त्याच्या बोटीचं इंजिन वालचंदनगरच्या एका गॅरेजमध्ये उघडून पडलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तो ते टेम्पोतून घेऊन आला तेव्हा उतरवायला निम्मं गाव लागलं होतं, त्यात मीही होतो. माझी कंबर अजून सांगत होती.

दत्तोबांकडे जाताना मला धाकधूक होती. कारण त्यांचं आणि ताईबाईंचं वैर साऱ्या गावाला माहीत होतं. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. दत्तोबांना मसणमाळाच्या कडेचा गाळ खरबुजांसाठी हवा होता. ताईबाईंनी तहसीलदाराकडे अर्ज केला, की तिथं आमची माणसं पुरलेली आहेत, नांगर लावू नये. अर्ज मंजूर झाला. तेव्हापासून दत्तोबा त्यांच्याशी बोलत नव्हते.

"वैर व्हतं म्हणून म्हातारीला मारीन व्हय मी?" दत्तोबा ओरडले. "तराफा बगा की जाऊन!"

आम्ही जाऊन पाहिला. मोटर, पाइप, वायर सगळं बोल्टांनी आवळलेलं, आणि कडेला चारी बाजूंनी जलपर्णी घट्ट गुंतलेली. महिनाभर तो जागचा हललेला नव्हता. बिरूतात्यांनी जलपर्णीची एक मुळी ओढून पाहिली आणि मान हलवली.

परत फिरताना दत्तोबांच्या मंडळी प्रयागबाई शेवग्याखाली उभ्या होत्या. रडून रडून चेहरा उतरला होता. ज्या घराशी वैर, त्या घरची बाई इतकी रडते याचं मला नवल वाटलं.

"ताईबाई आणि तुमी वळखीच्या?" बिरूतात्यांनी विचारलं.

"वळखीच्या म्हंजी? भात्तरच्या दुष्काळात आमी दोगी रस्त्याच्या कामावर व्हतो. खडी फोडाय. दीड वरीस. तवा पाणी येगळं प्यायचो आमी, पर खडी एकाच ढिगावर फोडली. तिचा हात फुटला तर माजं फडकं, माजा फुटला तर तिचं." त्यांनी डोळे पुसले. "ह्यांचं वैर झालं, माजं न्हाय झालं. गेल्या हप्त्यातच दळणाला भेटली व्हती."

"काय म्हणाली?"

"इच्यारत व्हती, मारुतीच्या देवळाची कितवी पायरी उगडी पडली म्हणून. जुन्या नांदऱ्याचं देऊळ हो, पाणी उतारलं की दिसतंय ते. आमच्या मळ्यातनं सरळ दिसतंय. मी म्हणलं, तिसरी दिसाया लागली. तर हासली. म्हणली, मग झालं माजं काम."

"कसलं काम?"

"ते न्हाय बोलली."

बिरूतात्या निघाले, आणि चार पावलांवरून परत वळले. "गुरवारी म्हस्कूची व्हडी दिसली का तुमास्नी?"

प्रयागबाईंनी जरा विचार केला. "दिसली की. दिस कलताना. मसणमाळाच्या अंगाला जाळी काढीत व्हता."

म्हस्कूनं फौजदाराला सांगितलं होतं की, गुरुवारी तो पाण्यावर उतरलाच नव्हता.

४

आम्ही म्हस्कूला गाठला तेव्हा तो साखळी घातलेल्या होडीशेजारी वाळूत बसला होता. मला वाटलं, बिरूतात्या आता त्याला धारेवर धरतील. ते त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मला बेट बगायचंय. रविराजची बोट मागून घेतलीया, पर मला विंजान नको. तू वल्हव."

म्हस्कूनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं उठला.

दुपारचे बारा वाजले असतील. वारा पडला होता आणि पाणी डोळ्यात खुपत होतं. मी बोटीच्या मधोमध बसून दोन्ही कडा धरल्या. पहिलं बेट मागे गेलं. दुसऱ्याच्या कडेला चित्रबलाकांचा थवा गुडघाभर पाण्यात उभा होता. आमची चाहूल लागली तशी सगळे मान वर करून बघू लागले. एवढं मोकळं रान आणि एवढी शांतता. माझ्या मनात आलं, ताईबाई इथं एकट्या बसल्या होत्या, आणि हे सगळं त्यांनी पाहिलं असेल.

मसणमाळ समोर दिसू लागला. तो तसा सरळ नाकासमोर होता. पण म्हस्कूनं बोट डावीकडे घेतली आणि लांबचा वळसा घालायला लागला.

"सरळ का न्हाय?" बिरूतात्यांनी विचारलं.

"तितं खडक हाय. पाणी आनि उतारलं की बुडाला घासतंय. आमी कुनीच न्हाय जात तिकडनं."

"तू हितला कंदीचा?"

"मी पंढरपुराकडचा. धरान भरल्यावर आलो, पंच्यांशीला."

बिरूतात्या हसल्यासारखे झाले. "डाक्टर, ही सगळी काळी रानं व्हती. नांदऱ्याच्या काळ्या रानात खडक कुठनं आला?" मग म्हस्कूला म्हणाले, "ने सरळ."

"तात्या, बोट फुटंल."

"हळू ने. मी सांगतो तितं थांबीव."

बोट हळूहळू पुढे गेली. पाणी गढूळ हिरवं, तळ दिसत नव्हता. चारी बाजूंना नुसतं पाणी. आणि एकाएकी वल्ह्याखाली खरखर झाली. म्हस्कूनं वल्हं रोवलं.

बिरूतात्यांनी धोतराचा सोगा खोचला, उठून उभे राहिले आणि बोटीच्या कडेवरून पाय बाहेर टाकला.

"तात्या!" मी ओरडलो. त्यांना पोहता येत नव्हतं. रानातला माणूस, विहिरीतसुद्धा कधी उतरला नव्हता. मी त्यांचा सदरा धरायला गेलो आणि बोट एवढी कलली की मीच पडायची वेळ आली.

ते बुडाले नाहीत. भर पाण्यात, कमरेएवढ्या पाण्यात, ते उभे होते. दोन पावलं पुढे गेले. मग खाली वाकून, हनुवटी पाण्याला लावून, त्यांनी तळातून काहीतरी उचललं आणि माझ्या हातात दिलं.

मुठीएवढा दगड होता. एका बाजूनं शेवाळलेला, आणि बाकी तिन्ही बाजूंनी घणानं फोडलेला.

५

तिथून आम्ही बेटावर उतरलो आणि तात्यांनी माथा वाकून वाकून पाहिला. त्याच दिवशी दुपारी चारला इंदापूरहून जीपमधून ताईबाईंना आणलं. सरकारी डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की, ऊन लागून मृत्यू, घोटा मुरगळलेला, बाकी अंगावर कसलीही जखम नाही. जीपसोबत फौजदार आले. भानुदास होता, दत्तोबा आणि प्रयागबाई आले, रविराज होता. म्हस्कू लांब उभा होता. बिरूतात्यांनी आम्हाला दत्तोबांच्या मळ्याखाली, पाण्याच्या कडेला बोलावलं होतं. गावापासून दोन मैलांवरचा मसणमाळ तिथून जवळ दिसतो, कारण जमिनीची एक सोंड त्याच्याकडे आत गेलेली आहे. तिकडे कोणी फिरकत नाही, कारण दोन्ही अंगांना नुसता गाळ आहे.

तिथं एका बोरीच्या बेचक्यात, कुत्री नेणार नाहीत अशा उंचीवर, एक जुनी चपलांची जोडी ठेवलेली होती. भानुदासनं ती पाहिली आणि त्याचा हात आपोआप पुढे गेला.

"आईच्या आहेत," तो म्हणाला.

"ह्याच्याफुडं भात्तरचा रस्ता हाय," बिरूतात्या म्हणाले. "नांदऱ्यापासनं मसणमाळापतुर. प्रयागबाई, तुमी फोडल्याली खडी ती हीच का?"

प्रयागबाईंनी तोंडावर हात घेतला. "व्हय. पर रस्ता तर बुडाला की वो. ऐंशी साली."

"बुडाला, पर गेला न्हाय. भराव उंच व्हता. मारुतीची तिसरी पायरी उगडी पडली की त्याच्यावर कमरंएवडंच पाणी ऱ्हातंय. ताईबाईनं सोता बांदल्याला रस्ता. तिला ठाव न्हाय तर कुनाला? तिनं चपला वर ठिवल्या, काठीनं कड चाचपत गेली. चारशे पावलं पाणी. फौजदारसायेब, तिला कुनी नेली न्हाय. ती चालत गेली. लुगड्याला कमरंपतुर गाळ हाय, काठीला निम्म्यापतुर हाय. म्हस्कूला तो रस्ता ठावं न्हाय, तो त्याला खडक म्हणतोय."

फौजदारांनी टोपी काढली. "मग परत का नाही आल्या?"

"बेटाच्या कडंला पाय मुरगाळला. घोटा डाक्टरनं बगितलाय. तसल्या पायानं पाण्यातनं येता येत न्हाय. म्हणून तिनं बाभळीला पंचा बांदला. ह्या पाण्यावरचा रिवाज हाय, बेटावर अडकला की फडकं बांदायचं. दिसलं की कुनीबी व्हडीवाल्यानं जायाचं."

सगळे एकदम म्हस्कूकडे वळले.

बिरूतात्या शांतपणे म्हणाले, "म्हस्कू, तू गुरवारी पाण्यावर व्हतास. फडकं तुला दिसलं."

म्हस्कू खालीच बसला. 

"दिसलं," तो म्हणाला. "पांडरं फडकं दरसाल तीच बांदायची. मी तिला सकाळी सोडायचो, फडकं दिसलं की आणाया जायचो. मला वाटलं, लेकानं आणलीया. लेक म्हणला व्हता तसं."

"लेक काय म्हणला व्हता?"

म्हस्कूनं मान वर केली नाही. भानुदासच बोलला. त्याचा आवाज मला ओळखू येईना.

"गेल्या वर्षी येताना वारा सुटला. आई भिजून आली, आठवडाभर तापानं पडली. दिवाळीला मी याला चार माणसांत सांगितलं, की आईला परत पाण्यावर नेलंस तर तुझी होडी बंद करून टाकीन. आमच्या आईच्या वाटेला जायचं नाही. पौर्णिमेला मी स्वतः येईन, रविराजच्या बोटीनं मी नेईन." त्यानं चपलांवरची माती पुसली. "बारामतीत पौर्णिमेचा कार्यक्रम होता. मंडप, भोजन, सगळं माझ्याकडे होतं. म्हटलं, शनिवारी जाऊ. दोन दिवसांनी काय बिघडतंय. निरोपसुद्धा पाठवला नाही."

"मला राग व्हता," म्हस्कू म्हणाला. "चार माणसांत मला कुत्र्यावानी बोलला. मनात आलं, ज्यानं नेलीया त्यानं आणावी. मी जाळी काडली आन् घरला गेलो. एकटी आसंल आसं माझ्या सपनातबी न्हाय आलं. सुकरवारी मी उतरलोच न्हाय. शनवारी कळलं तवा माजी जीबच वळंना."

मला वाटलं, भानुदास आता त्याला मारणार. फौजदारही एक पाऊल पुढे सरकले. भानुदास जागचा हलला नाही.

"एकच सांगा, तात्या," तो म्हणाला. "ती उन्हात का बसली? सावली होती ना. दहा पावलांवर होती. सावलीत बसली असती तर शनिवारपर्यंत..."

 मला हेच विचारायचं होतं आणि मी भीत होतो.

बिरूतात्यांनी प्रयागबाईंकडे पाहिलं. "ती दर पुनवंला तितं का जायाची?"

"लेकीसाटी," प्रयागबाई म्हणाल्या. "ह्यो व्हायच्या आदीची. नऊ वर्साची व्हऊन गेली. सुजाता नाव व्हतं. छप्पनला तिच्या वाड्यानं धम्म घेतला तवा पयल्यांदा शाळंत घातल्याली पोरगी. फुडल्या पुनवंला पटकीनं गेली. तवापस्नं ताईबाई जाती. पर कुठं पुरली ते मला न्हाय ठावं. आमी त्या माळावर पाय टाकत नव्हतो."

मी मनात मोजलं. भानुदास पन्नाशीचा, म्हणजे... नाही, तो तेव्हा दहाएक वर्षांचा असणार. भानुदासनं स्वतःच मान हलवली.

"आधीची नाही, मावशी. माझ्या पाठची. मी अकरा वर्षांचा होतो. मला मामाकडे पाठवलं होतं. आई कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही. मी तिच्याबरोबर एकदाही बेटावर गेलो नाही. मला वाटायचं, आई तिथं नुसती मेणबत्ती लावायला जाते."

"मग आता आइका," बिरूतात्या म्हणाले. "पंचा बाभळीला हाय, म्हंजी ती बाभळीपतुर गेली व्हती. सावलीत व्हती. तितनं ती परत उन्हात आली. माथ्यावर दहा पावलांचा माग हाय, सरपटल्याला, हात टेकून. मी दुपारी बगितला. व्हडी येत न्हाय, दुसरा दिस उजाडला, हे तिला कळलं आसंल. मग ती लेकीपाशी आली. जितं बसली, तितंच पोरगी हाय. खाली दगूड मांडल्यालं हायती, गवतात झाकल्यालं. लहान माप हाय."

 फौजदारांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. म्हस्कूवरची तक्रार भानुदासनं तिथंच हात हलवून मागे घेतली.

त्यानंतर प्रश्न एकच राहिला, की ताईबाईंना कुठं न्यायचं. भानुदास म्हणाला, "सुजाताजवळ." रविराजनं बोट देऊ केली. भानुदास नको म्हणाला. "तिनं बांधलेल्या रस्त्यानं नेऊ."

सूर्य कलायच्या आत आम्ही तिरडी उचलली. बिरूतात्या पुढे, काठी घेऊन. त्यांच्यामागे भानुदास आणि रविराज, मागच्या बाजूला दत्तोबा आणि मी. होय, दत्तोबा. कोणी बोलावलं नव्हतं, आपणहून खांद्याला लागले. पाणी गुडघ्याला, मांडीला, मग कमरेला आलं. मला पाण्याची भीती वाटते, पण त्या चारशे पावलांत वाटली नाही. पायाखाली खडी लागत होती, आणि प्रत्येक खडी कोणाच्या तरी हातानं फोडलेली होती हे मला कळत होतं. मागे प्रयागबाई लुगडं वर खोचून, हातात फुलं धरून येत होत्या. त्या माळावर त्यांचा तो पहिलाच पाय.

मध्यावर दत्तोबांचा पाय कडेवरून घसरला आणि तिरडी एका अंगाला गेली. पाण्यात धावणं जमत नाही, पण कोणीतरी धावल्यासारखं आलं आणि कोपऱ्याखाली खांदा दिला. म्हस्कू होता. तो आमच्या मागे मागे येत होता हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. भानुदासनं मान वळवून पाहिलं. तो त्याला "हट" म्हणाला नाही, आणि "ये" असंही म्हणाला नाही.

माथ्यावर पोचलो. त्रिसरण झालं. भानुदासनं स्वतः खड्डा खणला, कोणाला कुदळ घेऊ दिली नाही. ताईबाईंना लेकीच्या उजव्या अंगाला ठेवलं. सगळे माती लोटून बाजूला झाले तेव्हा मी भानुदासजवळ गेलो. डॉक्टरनं काहीतरी धीराचं बोलावं लागतं.

"म्हस्कूला माफ केलंत, बरं केलंत," मी म्हणालो.

"नाही केलं, डॉक्टर," तो म्हणाला. हात मातीनं भरले होते. "त्यानं एक संध्याकाळ रागात घालवली. मी चाळीस वर्षं कामात घालवली. मला स्वतःलाच माफ करता येईना, तर त्याला कुठून करू? पण त्याची होडी मी घेणार नाही. या बेटावर कोणीतरी येत जायला पाहिजे."

मग तो बहिणीच्या दगडांपाशी बसला आणि त्यांवरचं गवत उपटायला लागला. अंधार पडायच्या आत परत निघायला हवं होतं, बिरूतात्या दोनदा खाकरले. भानुदास उठला नाही. आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो, आणि पन्नाशीचा तो माणूस नऊ वर्षांच्या सुजाताची जागा हातानं साफ करत राहिला.